कोडिंग शिकू की धंदा सुरू करू? कशेळीच्या सोफ्यावर बसून विचार करूया



“सर, आयडिया चांगली आहे, पण मला कोडिंग येत नाही. आधी वेब डेव्हलपमेंटचा कोर्स करू का?” या प्रश्नाशिवाय आमची एकही कार्यशाळा पार पडत नाही. विचारणारा कधी बीकॉम झालेला मुलगा असतो, कधी घरून मसाले विकणारी ताई, कधी नोकरी सोडायच्या विचारात असलेला चाळिशीतला माणूस. व्हिडिओत या विषयाला चार मिनिटं मिळाली. तेवढ्यात तो मावत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. बहुतेक छोट्या उद्योजकांना कोड लिहायला शिकायची गरज नाही. कोड लिहून घ्यायला मात्र शिकावंच लागतं, आणि ते शिकवणारा कोर्स मला तरी अजून दिसलेला नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काय होतं? एक तर सहा-आठ महिने व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट घोटण्यात जातात आणि तोवर धंद्याची हौस विरते. नाहीतर “मला त्यातलं कळत नाही, तूच बघ” म्हणून घरातले लाख-दीड लाख एखाद्या ॲपवाल्याच्या हवाली होतात आणि ते ॲप घरच्यांशिवाय कुणी डाउनलोड करत नाही.

आता कशेळीला चला माझ्याबरोबर.

ठाण्याहून बाळकुम मागे टाकलं, पूल ओलांडला की कशेळी. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि मग भिवंडी. जुना आग्रा रोड, डोक्यावर मेट्रोचे खांब, आत गल्ल्यागल्ल्यांत गोदामं आणि रस्त्याला लागून फर्निचरची दुकानं. नवीन फ्लॅट घेतलेली मुंबई-ठाण्याची जोडपी रविवारी इथे सोफा बघायला येतात. ती कुणाची वेबसाइट बघून आलेली नसतात. बहुतेकांनी यूट्यूबवर किंवा रीलमध्ये कुणीतरी मोबाइल हातात धरून दाखवलेलं दुकान पाहिलेलं असतं. हा एल-शेप सोफा, ही किंमत, हा नंबर. मग व्हॉट्सॲपवर फोटो जातात, भाव होतो, ॲडव्हान्स यूपीआयने येतो. या सगळ्या साखळीत दुकानदाराने कोडची एक ओळही लिहिलेली नाही, आणि धंदा ऑनलाइनच चाललाय.

म्हणजे वेबसाइटची गरजच नाही का? आहे. पण कधी, आणि कशासाठी, ते बघूया.

समजा तुम्ही इथेच ‘ऑर्डरप्रमाणे सोफा’ हा धंदा ऑनलाइन सुरू करताय. डेव्हलपरला फोन केलात आणि म्हणालात, “अमुक मोठ्या साइटसारखी साइट बनव.” तो बिचारा काय करणार? एक तयार थीम घेणार, त्यात फोटो टाकणार, ‘ॲड टू कार्ट’ चं बटण लावणार आणि बिल पाठवणार. आता सांगा, चाळीस हजारांचा सोफा कोण गुपचूप कार्टमध्ये टाकतं? गिऱ्हाइकाला आधी विचारायचं असतं: आमच्या लिफ्टमध्ये जाईल का? लिफ्ट नसेल तर चौथ्या मजल्याची हमाली किती? फोम किती डेन्सिटीचा? कापड धुता येतं का? आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे ‘एल’ डावा की उजवा? सोफ्यावर बसल्यावर डावा, की समोर उभं राहिल्यावर डावा? या एका शब्दावरून तयार सोफा परत येऊ शकतो, आणि परत आलेला सोफा म्हणजे टेम्पोचं भाडं दोनदा, शिवाय गिऱ्हाईक नाराज.

ही भानगड कुठलाही प्रोग्रामर स्वतःहून ओळखणार नाही. त्याला ती माहीतच नाही. तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही दुकानात उभे राहिलात. उपाय साधा आहे: ऑर्डरच्या फॉर्मवर दोन चित्रं, गिऱ्हाइकाने एकावर बोट ठेवायचं. हे चित्र वेबसाइटवर टाकायला डेव्हलपरला तास-दोन तास पुरतील. पण ‘टाक’ म्हणून सांगायला तुम्ही हवेत. माझ्या मते संस्थापकाचं खरं कोडिंग हेच.

म्हणून मी सांगतो, पहिलं सॉफ्टवेअर कागदावर लिहा. चौकशी आल्यापासून माल घरात पोचून उरलेले पैसे हातात पडेपर्यंत काय काय होतं, ते एका पानावर, ओळीने. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी: हे कोण करतं, आणि इथे काय चुकू शकतं. मग तेच पान गूगल शीटमध्ये उतरवा. ऑर्डर नंबर, नाव, माप, कापडाचा कोड, ॲडव्हान्स, डिलिव्हरीची तारीख, बाकी. पन्नास ऑर्डर त्या शीटवर चालवा. व्हॉट्सॲप बिझनेस भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं, ते फुकट आहे आणि त्यात कॅटलॉग लावता येतो. गूगल मॅपवर दुकानाची नोंद, तीही फुकट. पन्नास ऑर्डरनंतर शीट कुठे अपुरी पडते ते तुम्हाला दुखायला लागेल. जिथे दुखतं तेवढंच बनवून घ्या. दुखायच्या आधी घेतलेलं औषध बहुतेक वेळा पडूनच राहतं.

याच पट्ट्यातल्या गोदामांत काम केलेल्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षं तुम्ही हातात स्कॅनर घेऊन इनवर्ड, पुटअवे, पिकिंग, पॅकिंग, डिस्पॅच केलंय ना? प्रत्येक रॅकला नंबर, प्रत्येक वस्तूला बारकोड, स्कॅन झाल्याशिवाय वस्तू हलणार नाही, माल कमी भरला तर सिस्टिम पुढे जाऊ देणार नाही. तुम्ही एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरच्या आत राहून आलात. त्यातला कोणता नियम कशासाठी आहे, आणि कोणता नियम फक्त डोक्याला ताप आहे, हे तुम्हाला एसी ऑफिसमधल्या प्रोग्रामरपेक्षा जास्त कळतं. आणि हीच मुलं कार्यशाळेत शेवटच्या रांगेत बसून म्हणतात, “सर, आपल्याला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही.” मला राग येतो खरंच.

भिवंडी मागांचं गाव, म्हणून तिथलाच दाखला देतो. जकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांतून उतरते. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे जागेवर राहतो. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या कार्डाची कल्पना तिथूनच उचलली. म्हणजे कोडिंगचं मूळ कापडाच्या धंद्यात आहे, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका! आता मागाचा मालक स्वतः कार्डं पंच करत बसत नाही. माग बिघडला तर जॉबरला बोलावतो. पण कापडावर नक्षी कुठे चुकली ते त्याला लांबून दिसतं, आणि बाजारात कोणती नक्षी चालेल हेही त्यालाच ठरवावं लागतं. पंचिंग येत नाही म्हणून त्याने माग घेतलाच नाही, असं झालं का?

मग ज्यांनी शिकलं त्यांचं काय?

हा प्रश्न बरोबर आहे. आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं बघा, दोन टोकांची.

पहिलं क्विक हीलचं. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केली, मग स्वतःचं दुकान काढलं, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस निघायचे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होता, त्याने ते व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यातूनच क्विक हील अँटिव्हायरस उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. कोड संजयने लिहिला. पण लोकांना नेमका त्रास कशाचा आहे आणि ते कशासाठी पैसे मोजतील, हे दुकानाच्या काउंटरवर कळलं. आणि नीट बघा, कैलाश अगदी कोरे नव्हते. मशीन उघडून आत काय आहे ते त्यांना समजत होतं. मी म्हणतोय ती ‘लिहून घेण्यापुरती’ समज हीच.

दुसरं उदाहरण दादासाहेब भगत यांचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मुलगा, इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय. तिथल्या लोकांना कॉम्प्युटरवर काम करताना बघून त्यांनी ॲनिमेशन शिकलं, पुढे पायथन आणि सी प्लस प्लस शिकले आणि डिझाइनचे टेम्प्लेट बनवणारं स्वतःचं सॉफ्टवेअर उभं केलं. लॉकडाऊनमध्ये गावाकडे गुरांच्या गोठ्यातून काम चालवलं. डूग्राफिक्स या त्यांच्या कंपनीला शार्क टँक इंडियात एक कोटीचा करार मिळाला. इथे कोडिंग शिकणं शंभर टक्के योग्य होतं, कारण विकायची वस्तूच सॉफ्टवेअर आहे. मिठाईवाल्याला पाक कळायलाच हवा, तसंच हे.

तर तुमचा धंदा कुठल्या प्रकारचा, हे आधी ठरवा. गिऱ्हाईक पैसे सॉफ्टवेअरसाठी देणार आहे की सोफ्यासाठी? सॉफ्टवेअरसाठी असेल तर तुम्ही तरी शिका, नाहीतर नफ्यात बरोबरीचा वाटा देऊन तसा भागीदार घ्या. पगारी माणसावर किंवा बाहेरच्या एजन्सीवर असा धंदा उभा करू नका. मला अशा प्रयत्नांची फार भीती वाटते.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर फ्लिपकार्ट. २००७ मध्ये सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी बंगळुरूत पुस्तकं विकायची साइट सुरू केली. दोघेही आयआयटीचे इंजिनिअर, कोड स्वतःचा. पण भारतात तो धंदा खरा पसरला तो २०१० मध्ये ‘माल हातात पडल्यावर पैसे’ ही सोय दिल्यानंतर आणि स्वतःची डिलिव्हरी यंत्रणा उभारल्यानंतर. त्या मालाची गोदामं आज आपल्या भिवंडीच्या पट्ट्यात उभी आहेत. कोड येत होता म्हणून सुरुवात स्वस्तात झाली, एवढंच त्यातून निघतं.

कोडपेक्षा चाव्या महत्त्वाच्या

आता ज्यासाठी मी हा लेख खरं तर लिहायला घेतला तो भाग. नीट वाचा.

दुकान भाड्याने घेताना करार तुमच्या नावावर करता ना? शटरची चावी गवंड्याकडे ठेवत नाही ना? मग वेबसाइटच्या बाबतीत असं का होतं? सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं नाव. वर्षाला हजार-बाराशेच्या आतबाहेर खर्च. ते डेव्हलपरने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. दोन वर्षांनी तो दुबईला जातो, फोन उचलत नाही, डोमेनची मुदत संपते. व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं, टेम्पोवर रंगवलेलं नाव दुसरा कुणीतरी घेऊन बसतो. कोडिंग शिकून हे टळत नाही. टळतं ते डोमेन तुमच्या ईमेलने, तुमच्या कार्डाने, तुमच्या नावावर घेतल्याने. होस्टिंग, पेमेंट गेटवे, गूगल मॅपची नोंद, इन्स्टाग्राम, सगळ्यांना हाच नियम. डेव्हलपरला लागेल तेवढा प्रवेश द्या, मालकी देऊ नका.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ही अनेक जणांना माहीतच नसते. कॉपीराइट कायदा, १९५७. त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम ‘साहित्यकृती’मध्ये मोडतो, कथा-कादंबरीसारखा. तुमच्या पगारावरच्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं काही ठरलं नसेल तर, तुमचा. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी, लेखी करार नसेल तर पहिला हक्क त्याचा! हक्क तुमच्या नावावर करायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात साधी वाक्यं हवीत: सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी, शेवटचा हप्ता दिल्यावर माझ्याकडे येतील. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा, त्याची फी ॲपच्या खर्चापुढे किरकोळ असते.

“पण सर, मला कोड कळत नसेल तर तो मला फसवेल.” फसवू शकतो. फर्निचर विकणाऱ्यालाही सुतार फसवू शकतो. दुकानदार स्वतः रंधा मारत नाही, पण प्लायची कड बघतो, ड्रॉवर दहा वेळा उघडबंद करतो, सोफ्यावर धपकन बसून बघतो. तुम्हीही साइटवर धपकन बसा. मोबाइल नंबर नऊ आकडी टाकून ऑर्डर करा. नग शून्य टाका. पैसे भरताना मधेच नेट बंद करा, मागे जा, पुन्हा भरा. पैसे दोनदा कापले गेले का? ऑर्डरचा मेसेज आला का? सोफ्याची किंमत बदलायची असेल तर ती तुम्ही स्वतः बदलू शकता, की दर वेळी त्याला फोन करावा लागतो? ऑर्डरची सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते का? ही परीक्षा घ्यायला कोडची ओळ वाचता यावी लागत नाही, चिकाटी लागते. आणि पैसे एकरकमी देऊ नका. काम तीन-चार टप्प्यांत पाडा, टप्पा तपासा, मग हप्ता.

आता एआयबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. आज साध्या मराठीत सांगून संध्याकाळपर्यंत साइट तयार होते, खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेई कारपाथी यांनी याला ‘वाइब कोडिंग’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. मला विचाराल तर नमुना दाखवण्यासाठी हे जरूर वापरा. डेव्हलपरला दहा पानं समजावण्यापेक्षा एक कच्ची साइट दाखवलेली बरी. पण गिऱ्हाइकाचे पैसे आणि पत्ते जिथे येतात तिथे थांबा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआयने, काहीही बदलू नको असं सांगितलेलं असतानाही, अमेरिकेतल्या एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. असल्या घाईच्या साइटमध्ये पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली उघड्या पानावर राहून गेली, तर ती कुणीही वाचू शकतो. आणि लोकांची माहिती सांभाळण्याबद्दल २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. “एआयने केलं” हे उत्तर तिथे चालणार नाही. तेव्हा पैशाचा भाग जाणत्या माणसाकडून तपासून घ्याच.

आणि गंमत बघा, एआयला काम सांगतानाही तोच ‘एल’ डावा-उजवाचा प्रश्न येतो. तुम्ही सांगितलं नाही तर तो मनाने काहीतरी ठरवतो, आणि मोठ्या आत्मविश्वासाने ठरवतो.

ज्यांना तरीही हात घालून बघायचाय त्यांना अडवत नाही. वय वीसच्या आसपास असेल, घरची जबाबदारी नसेल, आणि बसून कोडं सोडवायला आवडत असेल तर शिका बिनधास्त, वाया जाणार नाही. बाकीच्यांनी दोन रविवार काढा. एका रविवारी एचटीएमएलचं एक पान स्वतः बनवून ब्राउझरमध्ये उघडा, म्हणजे वेबसाइट ही काही जादू नाही हे डोळ्यांनी दिसेल. दुसऱ्या रविवारी डोमेन, होस्टिंग, डेटाबेस, बॅकअप हे चार शब्द समजून घ्या आणि कुणाकडून तरी एक जुनं कोटेशन मागून, त्यातली प्रत्येक ओळ कशाचे पैसे मागते ते लिहून काढा. तिसऱ्या रविवारी दुकान उघडायचंय, लक्षात आहे ना?

पुढच्या व्हिडिओत मी वेबसाइटचं एक कोटेशन, नाव झाकून, ओळीओळीने वाचून दाखवणार आहे. तोवर ज्यांचं ते एक पान, चौकशीपासून वसुलीपर्यंतचं, लिहून झालं असेल त्यांनी त्याचा फोटो पाठवा. ऑर्डर कुठे अडकते ते आपण व्हिडिओत मिळून शोधू.